मोलगीचा कप्पा

आमच्या तळोद्याच्या कचेरीत भिंतीला एक लाकडी केस टांगलेली आहे. छापखाना खिळ्यांवर चालत असे तेव्हा अशा केसच्या कप्प्यांत शिशाची अक्षरे ठेवलेली असत. आता तिच्या सात कप्प्यांत सात जुने मोबाइल फोन उभे आहेत. प्रत्येक कप्प्याखाली निळ्या शाईने एकेका गावाचे नाव लिहिले आहे. धडगाव, तोरणमाळ, खापर, बोरद अशी ती नावे. नव्याने रुजू झालेला वार्ताहर पहिल्या दिवशी विचारतोच, "हे काय, संग्रहालय?" त्याला आम्ही सांगतो, "गिरधर आप्पांचं टेबल."

माझ्या आठवणीत मात्र त्यातला एक कप्पा रिकामा आहे. मोलगी लिहिलेला. आप्पा नोकरीत होते तोपर्यंत तो रिकामाच होता.

आमचे दैनिक तळोद्यात सुरू झाले. पुढे मुख्य कचेरी नंदुरबारला गेली. छापखान्याची जागा आणि आप्पा तळोद्यातच राहिले. गिरधर पाटील तापीकाठच्या एका खेड्यातले. घरची शेती त्यांचे दोघे भाऊ पाहत. आप्पा दहावीनंतर छापखान्यात जुळारी म्हणून लागले. खिळे गेले तेव्हा संगणकावर पाने लावायला शिकले. दैनिकाचे संकेतस्थळ काढायचे ठरले तेव्हा ते काम कोणालाच येत नव्हते, म्हणून ते आप्पांना मिळाले. कचेरीच्या कागदोपत्री ते वेब डेव्हलपर होते. कोणी काम विचारले की ते 'जुळारी' एवढेच सांगत.

त्यांची एक सवय पहिल्यांदा पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटे. संकेतस्थळाच्या पानात काही बिघडले की ते त्या पानाची सगळी सांकेतिक अक्षरे कागदावर छापून घेत आणि कागद उलटा धरून वाचत. खिळे जुळवणारा माणूस ओळ उलटीच वाचतो. तीस वर्षांपूर्वी लागलेली नजर त्यांनी मोडली नव्हती. सुलट वाचताना डोळा पुढचा शब्द आपोआप भरून टाकतो, उलटे वाचताना प्रत्येक अक्षर तपासावे लागते, असे त्यांचे म्हणणे. राहून गेलेला एखादा कंस त्यांना असा सापडलेला मी अनेकदा पाहिला आहे.

दुसरी गोष्ट माझ्या येण्याआधीची आहे. छापखान्याच्या मशीनमनने ती मला सांगितली. एकदा अंक जुळत असताना ळ संपला. शिल्लक होते ते खिळे मथळ्यात अडकलेले. मालक म्हणाले, शेजारच्या गावातून खिळे येईपर्यंत थांबा. आप्पा थांबले नाहीत. त्यांनी बातमीतली वाक्येच बदलली. 'सकाळी' होते तिथे 'पहाटेनंतर' आले, आणि त्या दिवशीच्या अंकात तळोद्याचा उल्लेख पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'आपले गाव' असा झाला. वाचकांपैकी कोणालाही काही खटकले नाही. एकाने तर गावाविषयी आपुलकीने लिहिल्याबद्दल पत्र पाठवले.

संकेतस्थळाचे कामही आप्पा त्याच पद्धतीने करत. जुन्या फोनवरच्या जुन्या ब्राउजरला नव्या युक्त्या कळत नाहीत. आप्पांच्या दृष्टीने तो खिळा संपल्यासारखाच प्रकार होता. खिळा नाही तर वाक्य बदलायचे. बातमी थांबवायची नाही.

कोणतेही नवे पान तयार झाले की ते आधी भिंतीवरच्या सहा फोनांवर उघडले जाई. तरी आप्पांचे समाधान होत नसे. ते मान हलवत आणि म्हणत, "मोलगीले उघडनं का?"

तळोद्याच्या नेटवर्कवर जुना फोन जसा चालतो तसा तो डोंगरात चालत नाही, हे त्यांनी अनुभवाने ठरवले होते. त्यामुळे मोलगीचा फोन मोलगीतच होता. तो मोगराबाई वळवींचा. त्या बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला भगर आणि आमचूर घेऊन बसत. फोन बटनांचा, पडदा काडेपेटीएवढा. तळोदा ते मोलगी जीप चालवणारा सायसिंग वसावे बाजाराला गेला की मोगराबाईंच्या फोनवर आमचे पान उघडे आणि शेजारच्या टपरीवर चहा सांगे. पान पूर्ण दिसेपर्यंत किती चहा झाला, एवढेच त्याने संध्याकाळी येऊन सांगायचे. आप्पांच्या वहीत नोंदी तशाच असत : क्रीडा पान, मोलगी, दीड चहा. निकालाचे पान, मोलगी, पाऊण चहा. एक चहा ही आप्पांची मर्यादा होती. त्यापलीकडे गेलेले पान परत जुळवायला घेत.

"कितला चहा?" सायसिंग दारात दिसला की आप्पा विचारत.

"आप्पा, दोन चहा पोटात गेले, तुमचं पान अजून घाटातच आहे," सायसिंग म्हणे. "तिसरा प्यालो असतो तर जीप मला चालवावी लागली नसती, तिनं मला चालवलं असतं."

"बठ. चहा ले."

"नको आता चहा! पाणी द्या."

आप्पांचे सगळ्यात हलके पान घाटाचे होते. मोलगीच्या रस्त्यावर पावसाळ्यात दरड येते. रस्ता सुरू आहे की बंद, हे वर राहणाऱ्यांना खाली उतरल्यावरच कळे. आप्पांनी एक पान केले. त्यावर चित्र नाही, रंग नाही. वर 'मोलगी घाट', खाली 'चालू' किंवा 'बंद'. सायसिंग आणि दुसरे जीपवाले फोन करून कळवत आणि आप्पा स्वतः शब्द बदलत. वहीत त्याच्यापुढे लिहिले होते : पाव चहा. एवढ्या कमी वेळात मोलगीला उघडणारे दुसरे पान आमच्याकडे नव्हते. आप्पा कशाचाही अभिमान दाखवत नसत, या नोंदीखाली मात्र त्यांनी रेघ ओढली होती.

त्या सुमारास मुख्य कचेरीने संकेतस्थळ नव्याने बांधायचे ठरवले. त्यासाठी नाशिकहून ऋचा आली. पंचविशीची, कामात चोख, बोलायला सरळ. नव्या बांधणीत जुने ब्राउजर बसत नव्हते. त्यांच्यावर पान कोरे पांढरे दिसणार होते. ती तळोद्याला आली, भिंतीवरची केस पाहिली, आप्पांना उलटा कागद वाचताना पाहिले आणि हसली. मग खुर्ची ओढून बसली.

"आप्पा, ज्या कंपनीनं हा ब्राउजर बनवला तिनंच त्याला सोडून दिलंय. तुम्ही किती दिवस सांभाळणार?"

"त्यानी सोडी दिनं व्हई. मोलगीनी नही सोडं ना, ताई."

"पण तो सुरक्षित नाही. त्यात कोणीही शिरू शकतं. आपण तो चालवून देतो म्हणजे लोकांना त्यातच ठेवतो. आणि माझा निम्मा वेळ या सात फोनांसाठी जातो. त्या वेळात बाकीच्यांसाठी किती काम झालं असतं!"

ऋचाचे म्हणणे खोटे नव्हते आणि ते आप्पांना कळत होते. ते म्हणाले, "तुन्हं बराबर शे. पन नवा फोन लेवानं मी त्यास्ले कसं सांगू? मी पेपरवाला. माले बातमी देवानी शे."

ऋचाने विचारले, "आणि सहा महिन्यांनी?"

"सहा महिनामा दखूत."

संपादकांनी दोघांचे ऐकून घेतले आणि पावसाळा संपेपर्यंत जुनी पाने चालू ठेवायला सांगितले. आप्पांसाठी तेवढ्यावर सगळे अवलंबून होते. घाटाचे पान मोलगीला उघडत राहिले पाहिजे, याशिवाय त्यांचे दुसरे मागणे नव्हते.

पुढे जे झाले त्याचा क्रम मी नंतर सर्वांना विचारून लिहून काढला होता, म्हणून तो नीट सांगता येतो.

जुलैतल्या एका संध्याकाळी घाटात दरड आली. सायसिंग अक्कलकुव्याच्या बाजूला होता. त्याने सहा पस्तीसला आप्पांना फोन केला. सहा चाळीसला आप्पांनी पानावर 'बंद' केले आणि वहीत वेळ लिहिली. मोलगीत त्या संध्याकाळी फोन लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी लागायला लागले. मोगराबाईंची नात सुनीता हिला त्या दिवशी नंदुरबारला पोचायचे होते. नर्सिंगच्या प्रवेशासाठी कागदपत्रे दाखवायचा तो शेवटचा दिवस होता. निघण्याआधी तिने आजीच्या फोनवर घाटाचे पान उघडले. पान लगेच उघडले. त्यावर लिहिले होते, 'चालू'.

ती वडिलांबरोबर मिळेल त्या जीपने घाटापर्यंत आली. पुढे दरड होती. परत वर जाऊन धडगाववरून फिरून यायला निघाली. नंदुरबारला पोचली तेव्हा खिडकी बंद झाली होती. 'बंद' दिसले असते तर ती तेव्हाच धडगावच्या रस्त्याने निघाली असती आणि वेळेत पोचली असती.

दोन दिवसांनी सायसिंगने हे आप्पांना सांगितले. आप्पांनी वही उघडली. वेळ लिहिलेली होती. मग त्यांनी ऋचाला फोन लावला. ती दुसऱ्या दिवशी आली. तिने कोणताही टोमणा मारला नाही. सहा फोन खाली काढले आणि एकेक करून तपासले. दुपारपर्यंत उलगडा झाला. त्या जुन्या ब्राउजरना पान पुन्हा मागवण्याचा कंटाळा होता. एकदा आणलेले पान ते काही काळ स्वतःजवळ ठेवून घेत आणि तेवढ्यात पुन्हा मागितले तर तेच दाखवत. पान पाव चहात उघडायचे त्याचे एक कारण तेही होते. मोगराबाईंच्या फोनने सुनीताला आदल्या दुपारचे पान दाखवले होते.

"पण आप्पा," ऋचा म्हणाली, "पानावर तारीख असती तर तिला कळलं असतं. तारीख कुठंय?"

तारीख नव्हती. सुरुवातीला होती. ती आपोआप बदलणारी होती आणि जुन्या फोनांवर तिच्या जागी चौकोन दिसत. शिवाय तिच्यामुळे पान अर्ध्या चहावर जाई. आप्पांनी ती ओळ काढून टाकली होती आणि नोंद पाव चहावर आणली होती. आयुष्यभर रोज पहिल्या पानावर सर्वांत आधी तारीख जुळवणारा माणूस. त्याने पान हलके करायला तारीखच काढली होती.

आप्पा बराच वेळ वहीतल्या त्या रेघ ओढलेल्या नोंदीकडे पाहत बसले.

ऋचा हळू आवाजात म्हणाली, "म्हणून मी म्हणत होते, आप्पा. कोरं पान बरं. कोऱ्या पानावर कोणी विश्वास ठेवत नाही."

त्याच संध्याकाळी आप्पा संपादकांना दुरुस्ती छापायला सांगू लागले. संपादक चक्रावले. "गिरधर, आपलं पान बरोबर होतं. सहा चाळीसला तू बंद केलंस. तिच्या फोनवर जुनं दिसलं. याची दुरुस्ती आपण कशी छापायची?"

"वाचनाऱ्याले जे दिसनं तेच आपन छापं, साहेब."

दुरुस्ती मी लिहिली. 'तांत्रिक कारणामुळे' असा शब्द घातला होता. आप्पांनी कागद उलटा धरून वाचला, तो शब्द खोडला आणि त्या जागी लिहिले, 'पानावर तारीख न दिल्यामुळे'. चार ओळींची ती दुरुस्ती तिसऱ्या पानावर छापली गेली.

पुढच्या बाजाराला आप्पा स्वतः सायसिंगच्या जीपने मोलगीला गेले. मी बातमीसाठी बरोबर होतो. रस्ता मोकळा झाला होता. मोगराबाई आमचुराच्या ढिगामागे बसल्या होत्या, सुनीता तराजू धरून होती. आप्पा समोर उकिडवे बसले.

"माय, चूक मन्ही शे," ते म्हणाले. मोगराबाईंना अहिराणी कळे. त्यांनी नातीकडे पाहिले.

सुनीता शाळेतल्या मराठीत बोलली. "मी बघितलं होतं ना, आप्पा. पान लगेच उघडलं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आप्पांना बरे वाटले असते, असे मला त्यांचा चेहरा पाहून वाटले. मोगराबाईंनी मग नातीला काहीतरी सांगितले.

"आजी म्हणते, पोरगी पुढच्या वर्षी जाईल. पण पान बंद करू नका. फक्त कधीचं आहे ते लिहा."

परतीच्या वाटेवर सायसिंगने नेहमीची थट्टा केली नाही. घाट उतरून खाली आल्यावर आप्पा म्हणाले, "तारीख हातनी लावसू."

त्यानंतर घाटाच्या पानावर सर्वांत वर हाताने लिहिलेली तारीख आणि वेळ येऊ लागली. तिच्याखाली एक ओळ होती : 'वरची तारीख आजची नसेल तर या पानावर विश्वास ठेवू नका.' स्वतःवर विश्वास ठेवू नका असे सांगणारी ओळ दैनिकाने आपल्या पानावर द्यायची का, यावर संपादकांनी एक दिवस घेतला. मग परवानगी दिली. ऋचाने साठवलेले पान टाकून द्यायची सूचना त्या ब्राउजरना देण्याची एक सोय शोधली. भिंतीवरच्या सहापैकी चार फोनांनी ऐकले, दोघांनी नाही. सायसिंगने मोगराबाईंच्या फोनवर पाहिले. त्यानेही ऐकले नाही.

पावसाळा संपला आणि नवे संकेतस्थळ सुरू झाले. बाकीची जुनी पाने गेली. घाटाच्या पानाबाबत संपादकांनी अट घातली. न ऐकणारे फोन जोपर्यंत कोणाच्या हातात आहेत तोपर्यंत ते चालेल, नंतर नव्यात जाईल. असे फोन कोणाकडे आहेत याची यादी आप्पांनी करायची. त्यांनी ती वहीच्या शेवटच्या पानावर केली. नावापुढे गाव. कोणी फोन बदलला की सायसिंग सांगे आणि आप्पा नावावर रेघ मारत. नव्या फोनवर नवे पान उघडते ना, हे विचारल्याशिवाय मारत नसत. ऋचा महिन्यातून दोनदा येई आणि आल्यावर आधी ती यादी पाही. दुसऱ्या वर्षी मी तिला एक छापील कागद उलटा धरून वाचताना पाहिले. माझे लक्ष आहे हे कळल्यावर ती म्हणाली, "सापडतं असं. खरंच सापडतं."

सुनीताला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. आप्पा त्याच वर्षी निवृत्त झाले. वही त्यांनी माझ्याकडे दिली, यादीचे पान मात्र फाडून बरोबर नेले. गावी जाऊनही सायसिंगला त्यांचा फोन जाई. सायसिंग मला सांगे, "तुमचे आप्पा निवृत्त झालेत का फक्त टेबल बदललंय?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात आप्पा गेले. छातीत दुखले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपले. सायसिंगनेच मला कळवले. मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्याआधी दोन महिने, दिवाळीनंतरच्या एका दुपारी. ते कचेरीत आले होते. अंगात नेहमीचा पांढरा शर्ट, खिशात यादीचा घडी केलेला कागद. ऋचा त्या दिवशी तळोद्यातच होती. आप्पांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेला फोन काढला. मोगराबाईंचा.

"सुनीतानी नवा लई दिना तिले," ते म्हणाले. "सायसिंगनी देखं. नवं पान उघडनं."

त्यांनी कागद उघडून टेबलावर ठेवला. सगळ्या नावांवर रेघा होत्या, एक सोडून. ऋचाने पेन पुढे केले. आप्पांनी घेतले नाही.

"पहिले एक दाव दखूत," ते म्हणाले.

चहा आला. ऋचाने घाटाच्या पानावर त्या दिवशीची तारीख आणि वेळ स्वतः हाताने लिहिली. मोगराबाईंचा फोन आप्पांच्या हातात होता. त्यांनी पान उघडायची कळ दाबली आणि दुसऱ्या हाताने कप उचलला. त्या फोनने साठवलेले पान दाखवले असते तर काय, हे तिघांच्याही मनात होते. पडदा पांढरा राहिला, मग वरून एकेक ओळ उतरू लागली. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला. तारीख आजची होती. त्याखाली 'मोलगी घाट', त्याखाली 'चालू'.

"कितला चहा, आप्पा?" ऋचाने विचारले.

आप्पांनी कपात पाहिले. "अर्धा."

त्यांनी पेन घेतले आणि शेवटच्या नावावर रेघ मारली. मग उठून केसजवळ गेले, मोलगीच्या रिकाम्या कप्प्यात तो फोन उभा केला आणि आडवा होऊ नये म्हणून रुमालाची घडी त्याच्या बाजूला सारली.

"आते बंद करा, ताई," ते म्हणाले.

बाहेर सायसिंगने हॉर्न दिला. आप्पा निघाले. टेबलावर त्यांचा अर्धा चहा राहिला होता.